चिपने केलेली ईसीडीएसए सही पायथनमध्ये चारांतून एकदाच का पटते?

प्रवराकाठ (प्रश्न)

नमस्कार. एका सहकारी दूध संस्थेच्या संकलन केंद्रासाठी मी सॉफ्टवेअर लिहीत आहे. सकाळ-संध्याकाळ सभासद दूध घालतात तेव्हा काट्यावरचे लिटर आणि तपासणी यंत्रावरचे फॅट व एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) एका छोट्या उपकरणात येतात. ते उपकरण या सगळ्याची एक जेसॉन (ठरावीक मांडणीचा मजकूर) नोंद तयार करते, तिच्यावर डिजिटल सही करते आणि मोबाइल नेटवर्कवरून ती सर्व्हरकडे पाठवते. सहीचा हा खटाटोप करण्याचे कारण असे की मागे दहा दिवसांच्या दूध बिलात काही सभासदांचे फॅट हातातल्या पावतीपेक्षा कमी दिसले होते आणि आकडा केंद्रावर बदलला की सर्व्हरवर, हे शेवटपर्यंत कोणालाही सांगता आले नाही.

उपकरणात मायक्रोचिपची एटीईसीसी६०८ ही चिप असून सही पी-२५६ वक्रावरची ईसीडीएसए आहे, म्हणजे ती गुप्त प्रायव्हेट कीने करायची आणि उघड पब्लिक कीने तपासायची. प्रायव्हेट की चिपच्या आतच तयार होते आणि बाहेर येत नाही. नोंदीचा एसएचए-२५६ हॅश (मजकुराच्या बाइटवरून काढलेला ठसा) मी उपकरणावर काढते, ते ३२ बाइट चिपला देते आणि चिप ६४ बाइटची सही परत करते. पब्लिक कीसुद्धा ६४ बाइटचीच मिळते. तिच्यापुढे ०४ हा बाइट जोडून मी ती सर्व्हरवर पायथनच्या ‘क्रिप्टोग्राफी’ लायब्ररीला देते आणि ती विनातक्रार स्वीकारली जाते. या लायब्ररीला सही डीईआर (प्रत्येक भागाआधी त्याचा प्रकार आणि लांबी लिहिण्याची पद्धत) स्वरूपात लागते हे वाचल्यावर एक नमुना पाहून मी पुढचे बाइट हाताने जोडले: हेक्समध्ये (सोळाच्या पायावरच्या अंकांत) ३० ४४ ०२ २०, मग सहीचे पहिले ३२ बाइट, मग ०२ २० आणि शेवटी उरलेले ३२. असे एकूण ७० बाइट होतात.

टेबलावर ४०० चाचणी नोंदी पाठवल्या, त्यांतल्या ९७ पटल्या आणि ३०३ फेटाळल्या गेल्या. उपकरण तेच, की तीच, कोड तोच. न पटलेली नोंद पुन्हा सही करून पाठवली तर कधी कधी पटतेही. चिपची जोडणी बदलून पाहिली, दुसरी चिप लावून पाहिली, तरी प्रमाण साधारण तेवढेच राहते. चार संध्याकाळी यात गेल्या आहेत.

कोडची आणखी थोडी माहिती देते. तपासणीचा भाग ट्राय-एक्सेप्टमध्ये (चूक पकडण्याच्या पायथनच्या रचनेत) आहे आणि कोणताही अपवाद, म्हणजे चूक, आला तरी नोंदीवर ‘सही तपासली नाही’ असा शेरा मारून ती बिलात जाऊ दिली आहे, कारण दूध तर आलेलेच असते. पब्लिक की प्रत्येक नोंदीसोबतच येते, म्हणजे नवे उपकरण बसवताना सर्व्हरवर काही भरावे लागत नाही.

बाइटवाचक

तुमची चिप, जोडणी, हॅश आणि की हे सर्व व्यवस्थित आहे, आणि हे मी त्या ९७ या आकड्यावरूनच सांगतो आहे. हॅश दोनदा काढला जात असता किंवा की चुकीची असती तर एकही सही पटली नसती. चारशेंत साधारण शंभर पटतात याचा अर्थ दोन स्वतंत्र गोष्टी, प्रत्येकी निम्म्या वेळा, बिघडत आहेत. त्या दोन गोष्टी म्हणजे सहीतल्या आर आणि एस या दोन संख्या.

चिप देते ते ६४ बाइट म्हणजे आर आणि एस या ३२-३२ बाइटच्या संख्या नुसत्या एकापुढे एक ठेवलेल्या असतात. डीईआरमध्ये मात्र त्याच संख्या ‘पूर्णांक’ म्हणून लिहाव्या लागतात आणि डीईआरचा पूर्णांक ऋणही असू शकतो. पहिला बाइट हेक्समध्ये ८० किंवा त्याहून मोठा असला की ती संख्या ऋण मानली जाते, म्हणून तशा वेळी तिच्यापुढे ०० हा बाइट जोडून लांबी २० ऐवजी २१ लिहावी लागते. आरचा पहिला बाइट निम्म्या वेळा ८० च्या वर असतो, एसचाही तसाच. दोन्ही एकाच वेळी ८० च्या खाली असण्याची शक्यता एक चतुर्थांश. तुमचे सत्तर बाइटचे ठरीव वेष्टन नेमके तेवढ्याच सह्यांना बसते, बाकीच्यांत लायब्ररीला ऋण संख्या दिसते आणि ती सही फेटाळते. खऱ्या डीईआर सहीची लांबी त्यामुळेच कधी ७०, कधी ७१, तर कधी ७२ भरते आणि क्वचित ७० पेक्षाही कमी होते.

एखादा नमुना समोर ठेवलात तर हे नजरेत भरेल. समजा आर ९१ ने सुरू होतो आणि एस १४ ने. तर सहीची सुरुवात ३० ४५ ०२ २१ ०० ९१ अशी व्हायला हवी आणि एसच्या आधी नेहमीचेच ०२ २० यायला हवेत. तुमच्या वेष्टनात मात्र ३० ४४ ०२ २० ९१ असे पडते.

आता कृपा करून तो शून्य बाइट हाताने जोडायला जाऊ नका. तसे केल्यावर बहुतेक सह्या पटतील आणि प्रश्न सुटला असे वाटेल, पण डीईआरचा दुसराही एक नियम आहे, तो म्हणजे अनावश्यक शून्ये पुढे ठेवायची नाहीत. आर किंवा एसचे पहिले नऊ बिट शून्य आले की पहिला बाइट काढून टाकून लांबी कमी लिहावी लागते आणि असे दर २५६ सह्यांमागे सुमारे एकदा घडते. म्हणजे रोज दोन-तीन सभासदांची नोंद विनाकारण अडकेल आणि तेव्हा त्याचे कारण शोधणे आजच्यापेक्षा कितीतरी अवघड जाईल, कारण आजची खूण निदान ठळक तरी आहे.

लायब्ररीच्या ‘यूटिल्स’ विभागात एन्कोड_डीएसएस_सिग्नेचर नावाचे फंक्शन याच कामासाठी दिलेले आहे. आधी सही बरोबर ६४ बाइटची आहे ना हे तपासा, कारण पायथनमध्ये तुकडे पाडताना बाइट कमी असले तरी तक्रार होत नाही. मग पहिल्या ३२ बाइटचा बिग-एंडियन (सर्वांत मोठा बाइट आधी) क्रमाने पूर्णांक करा, दुसऱ्या ३२ चा करा, दोन्ही त्या फंक्शनला द्या आणि जे मिळेल ते ‘व्हेरिफाय’ला द्या. ‘व्हेरिफाय’ला नोंदीचे मूळ बाइटच द्यायचे असतात, हॅश लायब्ररी स्वतः काढते, तुम्ही तसेच करता आहात असे दिसते. हाताशी फक्त हॅश असेल तर ‘प्रीहॅश्ड’ असे स्पष्ट सांगावे लागते, नाहीतर हॅशचा हॅश निघतो.

हा घोटाळा तुमच्या चिपपुरता नाही, म्हणून इतरांसाठीही लिहून ठेवतो. ओपनएसएसएल, जावाची नेहमीची ईसीडीएसए आणि पायथनची ही लायब्ररी डीईआर मागतात. ब्राउझरमधली वेब क्रिप्टो आणि ईएस२५६ प्रकारचे जेडब्ल्यूटी टोकन नुसते ६४ बाइट देतात. जावात ९ व्या आवृत्तीपासून पी१३६३ या नावाने दुसरे स्वरूपही निवडता येते, आणि नोडमध्येही तसा पर्याय आहे. दोन वेगळ्या घरच्या लायब्रऱ्यांची गाठ पडते तिथे सगळ्यात आधी सहीची लांबी छापून पाहावी. ती नेहमी ६४ च असेल तर नुसत्या संख्या आहेत, सत्तरच्या आसपास खालीवर होत असेल तर डीईआर आहे.

जुना संगणकी

बाइटवाचक यांचे निदान अचूक आहे. मला मात्र प्रश्नातला शेवटचा परिच्छेद वाचून जास्त काळजी वाटली, म्हणून त्याबद्दल लिहितो.

कोणताही अपवाद आला तरी नोंद पुढे जाऊ देणे म्हणजे सही तपासलीच नाही असे होते. या लायब्ररीचा ‘व्हेरिफाय’ खरे-खोटे असे काही परत करत नाही. सही पटली तर तो मुकाट्याने संपतो आणि पटली नाही तर इनव्हॅलिडसिग्नेचर हा अपवाद फेकतो. ही रचना मुद्दाम केलेली आहे, कारण परत आलेले मूल्य तपासायचे विसरता येते, अपवाद मात्र दुर्लक्षून पुढे जाता येत नाही. तुम्ही सगळे अपवाद एकाच जाळ्यात धरून ती सोय काढून टाकली आहे. आज ज्याला फॅटचा आकडा बदलायचा आहे त्याला सही बनवायचीही गरज नाही, वाटेल ते ६४ बाइट पाठवले तरी नोंद बिलात जाईल आणि शेऱ्यांच्या गर्दीत हरवून जाईल.

परत आलेल्या मूल्याच्या बाबतीत ओपनएसएसएलचे उदाहरण लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्यातले तपासणीचे फंक्शन तीन प्रकारची उत्तरे देते: सही पटली तर १, पटली नाही तर ०, आणि सहीची बांधणीच मोडकी असेल किंवा दुसरी काही अडचण आली तर उणे १. ओपनएसएसएलच्याच आतल्या काही कोडमध्ये आणि ते वापरणाऱ्या इतर सॉफ्टवेअरमध्ये ‘शून्य नाही म्हणजे पटली’ अशी तपासणी लिहिलेली होती. त्यामुळे बांधणी मोडलेली सही, जी सगळ्यात आधी बाहेर पडायला हवी, तीच खरी ठरत होती. ही चूक जानेवारी २००९ मध्ये जाहीर झाली आणि सुरक्षा त्रुटींच्या यादीत सीव्हीई-२००८-५०७७ या क्रमांकाने नोंदली गेली. गणित कुठेही चुकलेले नव्हते, चूक होती ती उत्तर वाचणाऱ्या ओळीत. एप्रिल २०२२ मध्ये दुरुस्त झालेली जावाची चूक उलट प्रकारची होती. १५ व्या आवृत्तीत ईसीडीएसएचा कोड नव्याने लिहिताना आर आणि एस शून्य नाहीत ना, ही तपासणी राहून गेली. त्यामुळे १५ ते १८ या आवृत्त्यांत सगळे शून्य भरलेली सही कोणत्याही संदेशावर, कोणत्याही कीसाठी पटत असे. म्हणून तुमच्या चाचण्यांत पटणाऱ्या नोंदींइतक्याच न पटायला हव्यात अशा नोंदीही घाला. एक बिट बदललेली नोंद, एक बाइट कमी असलेली सही, सगळे शून्य असलेली सही आणि दुसऱ्या उपकरणाची खरी सही, यांतली एकही आत येता कामा नये.

कोडमध्ये फक्त इनव्हॅलिडसिग्नेचर पकडा आणि तो आला की नोंद वेगळ्या तक्त्यात अडकवून ठेवा. कीचे बाइट वक्रावर नसतील तर व्हॅल्यूएरर येतो. तो पकडू नका, तो मोठ्याने वाजलेला बरा. दूध आलेलेच असते हे मला मान्य आहे आणि सभासदाचे नुकसान होऊ नये ही तुमची इच्छा योग्यच आहे, परंतु त्यासाठी अडकलेल्या नोंदी केंद्रावरच्या माणसाने पावतीशी ताडून मंजूर कराव्यात आणि मंजूर करणाऱ्याचे नाव नोंदले जावे.

दुसरा मुद्दा याहून मोठा आहे. पब्लिक की नोंदीसोबतच येत असेल तर सही पटल्याने काहीच सिद्ध होत नाही. कोणीही स्वतःची नवी की बनवील, खोट्या नोंदीवर तिने सही करील, आणि दोन्ही मिळून पाठवील. तुमचा सर्व्हर त्या सहीला बिनचूक म्हणेल आणि तांत्रिकदृष्ट्या ते खरेही असेल. बँकेत चेकवरची सही चेकसोबत आणलेल्या नमुन्याशी ताडून पाहत नाहीत, खाते उघडताना घेतलेल्या नमुन्याशी ताडतात. उपकरण बसवायच्या आधी, ते तुमच्या हातात असताना, त्याची पब्लिक की वाचून उपकरण क्रमांकासमोर सर्व्हरच्या तक्त्यात नोंदवा. नोंदीतून फक्त उपकरण क्रमांक घ्या, की तक्त्यातली वापरा. नवे उपकरण बसवताना पाच मिनिटे जास्त जातील, ती जाऊ द्या. तुम्ही वापरता ती फंक्शने लायब्ररीत ज्या विभागात ठेवलेली आहेत त्याचे नावच ‘हॅझमॅट’, म्हणजे धोकादायक पदार्थ, असे आहे. ते नाव अशाच ठिकाणांसाठी दिलेले आहे असे मी मानतो.

प्रवराकाठ

दोघांचेही मनापासून आभार. एन्कोड_डीएसएस_सिग्नेचर वापरल्यावर ४०० पैकी ४०० पटल्या. नंतर रात्रभर पाच हजार नोंदी चालवल्या, त्याही सर्व पटल्या. कीचा तक्ता केला आहे आणि अपवाद वेगळे केले आहेत. जुना संगणकी यांनी सांगितलेल्या चारही खोट्या नोंदी अपेक्षेप्रमाणे बाहेर राहिल्या.

परंतु कालपासून केंद्रावरच्या खऱ्या नोंदी घेऊ लागले, तर काही पटत नाहीत, आणि या वेळी प्रमाण ठरावीक नाही. दोन गट दिसतात. लिटरचा आकडा ७.५० किंवा ६.०० असा शून्याने संपतो त्या सर्व नोंदी फेटाळल्या जातात. दुसरा गट मला अजिबात उलगडत नाही: बोऱ्हाडे आणि गोऱ्हे या आडनावांचे सर्व सभासद त्यात आहेत, बाकी आडनावांचे कोणीही नाहीत.

नोंद आली की तिचे भाग करून मी डेटाबेसमध्ये ठेवते आणि रात्री बिलाआधी त्याच भागांतून जेसॉन पुन्हा जुळवून सही तपासते. सभासदाचे नाव सभासद क्रमांकावरून नोंदवहीच्या तक्त्यातून घेते. रकान्यांचा क्रम, स्वल्पविरामानंतरची मोकळी जागा आणि देवनागरी अक्षरे जशीच्या तशी लिहिणे हे सर्व उपकरणाशी जुळवून घेतले आहे.

अक्षरजुळारी

दुसऱ्या गटाचे कारण मी सांगू शकतो, कारण मराठी मजकुराच्या शोधात हाच ‘ऱ’ आम्हाला वर्षानुवर्षे छळत आला आहे. पडद्यावर ‘बोऱ्हाडे’ तेच दिसते, पण ते कमीत कमी तीन प्रकारे लिहिता येते. एक, युनिकोडमध्ये ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर आहे, क्रमांक ०९३१, ते घेऊन पुढे हलन्त आणि ह. दोन, साधा र, त्याखाली नुक्ता, मग हलन्त आणि ह. तीन, साधा र, हलन्त, मग न दिसणारा झीरो विड्थ जॉइनर आणि ह. यूटीएफ-८ मध्ये (अक्षरे बाइटमध्ये लिहिण्याच्या पद्धतीत) यातले प्रत्येक चिन्ह तीन बाइटचे होते. म्हणजे ‘ह’च्या आधीचा भाग पहिल्या प्रकारात सहा बाइटचा, तर दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारात नऊ बाइटचा. उपकरणात नाव एका कीबोर्डने भरले गेले आणि संस्थेच्या नोंदवहीत दुसऱ्या, इतकेच घडलेले असणार. माणसाला दोन्ही सारखेच दिसतात, पण हॅश बाइटचा निघतो, म्हणून सही पटत नाही.

दोन्हीकडे युनिकोडचे एनएफसी सामान्यीकरण (एकाच अक्षराच्या निरनिराळ्या रीती एकसारख्या करणे) करावे असे कोणी सुचवील. त्याने पहिला आणि दुसरा प्रकार एक होतात, तिसरा मात्र वेगळाच राहतो. त्यामुळे त्या वाटेने जाऊ नका.

बाइटवाचक

दोन्ही गटांचे मूळ एकच आहे. काट्याने ७.५० लिहिले, डेटाबेसने ती संख्या म्हणून ठेवली आणि पायथनने परत लिहिताना ७.५ लिहिले. शेतकऱ्याला दोन्ही सारखेच, हिशेबालाही सारखेच, परंतु सही साडेसात लिटरवर झालेली नाही. ती ७, टिंब, ५, ० या चार बाइटवर झालेली आहे. तुम्ही ज्यावर सही झाली ते न तपासता त्याच्यासारखे दुसरे बनवून तपासता आहात, आणि आज लिटर व ‘ऱ’ दुरुस्त केलेत तरी उद्या एखादा नवा रकाना येईल किंवा जेसॉनची लायब्ररी बदलेल आणि हीच अडचण तिसऱ्या रूपात उभी राहील.

म्हणून क्रम उलटा करा. नोंद आली की तिचे बाइट जसेच्या तसे, काहीही न उलगडता, सहीशी ताडा. सही पटली तरच जेसॉन उलगडा आणि पुढचा सर्व हिशेब त्या उलगडलेल्या मजकुरातूनच करा. नाव वेगळ्या तक्त्यातून आणून मिसळू नका. मूळ बाइट आणि सही डेटाबेसमध्ये द्विमान (बायनरी) रकान्यात कायम ठेवा, मजकुराच्या रकान्यात नको, कारण काही ठिकाणी तिथेही सामान्यीकरण होते. एखाद्या सभासदाने सहा महिन्यांनी फॅटबद्दल विचारले तर तेच बाइट काढून त्याच्यासमोर पुन्हा सही तपासता आली पाहिजे, आणि मला वाटते तुमच्या सगळ्या खटपटीचा हेतू तोच आहे.

जुना संगणकी

एक लहान पण पैशाशी संबंधित गोष्ट राहिली. न पटलेली नोंद पुन्हा सही करून पाठवली जाते असे तुमच्या पहिल्या लेखनावरून दिसते, नेटवर्क गेल्यावरही तसेच होत असणार. ईसीडीएसएमध्ये चिप प्रत्येक सहीला नवी यादृच्छिक संख्या वापरते, त्यामुळे त्याच नोंदीची दुसरी सही पहिलीपेक्षा वेगळी असते आणि दोन्ही खऱ्या असतात. सहीवरून दुबार नोंद ओळखायला जाल तर एका सभासदाचे दूध दोनदा जमा होईल. सहीच्या आतल्या मजकुरात उपकरण क्रमांक आणि चढता अनुक्रमांक घाला आणि ती जोडी डेटाबेसमध्ये अद्वितीय ठेवा. तुमच्या चिपमध्ये फक्त वाढणारा, मागे न नेता येणारा गणक आहे, तो यासाठी वापरता येईल. शिवाय कोणी जुनी खरी नोंद पकडून ठेवून पुन्हा पाठवली तर तीही यातच अडकेल.

प्रवराकाठ

मूळ बाइट आधी तपासण्याचा बदल परवा संध्याकाळच्या संकलनापासून सुरू केला. चार वेळच्या नोंदी झाल्या, सर्व पटल्या, ७.५० सुद्धा आणि बोऱ्हाडे सुद्धा. अक्षरजुळारी यांच्या सांगण्यावरून दोन्हीकडच्या नावांचे बाइट छापून पाहिले: उपकरणात पहिला प्रकार होता आणि नोंदवहीत तिसरा.

अनुक्रमांक आता सहीच्या आत आहे. काल सकाळी केंद्रावर नेटवर्क गेले होते आणि नऊ नोंदी दुबार आल्या, त्या नऊच्या नऊ डेटाबेसने परत केल्या.

बदलाच्या आधीच्या दीड दिवसाच्या नोंदींचे मूळ बाइट मी ठेवले नव्हते, त्यामुळे न पटलेल्या नोंदी आता तपासता येणार नाहीत. संस्थेच्या सचिवांना तसे लेखी कळवले आहे. त्या नोंदी ‘सही तपासता येत नाही’ या नावाने वेगळ्या ठेवल्या असून उद्या सकाळी संकलनानंतर सभासदांकडच्या पावत्या घेऊन एकेक ताडून पाहणार आहोत.